चारचाकीला लागलेली कीड

"आज संध्याकाळी भंगारवाला येतोय," डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं. "तोवर गाडी माणसात आणलीत तर राहील, नाहीतर जाईल. मी आता काही बोलणार नाही."

'मी आता काही बोलणार नाही' हे वाक्य त्या लग्न झाल्यापासून बोलत आल्या होत्या. पण या खेपेला त्यांनी भंगारवाल्याला खरोखरच फोन केला होता, त्यामुळे नवरोबा चहा तसाच टाकून उठले. लग्नाआधी घेतलेली गाडी! तिच्यावर त्यांचा भारी जीव.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत आणि त्याच्या दारात ही पोपडे सुटलेली, डागाळलेली गाडी. "वर पाटी 'दात चमकवून मिळतील', आणि पाटीखाली हे किडकं ध्यान! पेशंट आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे," असं त्या म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

गॅरेजवाल्यानं महिनाभर थांबायला सांगितलं होतं. रंग फवारायचं मशीन घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. पण फाटक रंगवलं तेव्हाचा रोलर होता आणि निळ्या ऑईलपेंटचा जवळजवळ भरलेला डबा होता. "फाटकही लोखंडाचं, गाडीही लोखंडाची," असं म्हणून नवरोबांनी बाह्या सरसावल्या. काचांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि थेट रोलर फिरवायला घेतला. आधी गंज खरवडायचा असतो, पॉलिश पेपर मारायचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांच्या आईंनी देखरेखीसाठी अंगणात खुर्ची टाकली.

"अरे, हे सुरकुत्या पडल्यासारखं काय दिसतंय?"

"वाळलं की बसतं, आई."

"माझ्या नाही बसल्या."

नवरोबांनी सुरकुत्या झाकायला वर आणखी रंग चढवला. त्याचे ओघळ आले. ओघळ झाकायला आणखी चढवला. डबा तळाला गेला तेव्हा गाडी निळी तर झाली होती, पण अजून उभ्या उभ्या गळत होती. तेवढ्यात वारा सुटला आणि अंगणातली धूळ उठली.

"आडोसा कर, आडोसा!" आई ओरडल्या, आणि मुलाची वाट न बघता त्यांनी स्वतःच फुलाफुलांची चादर दोरीवर टाकली. वाऱ्यानं ती अलगद उचलली आणि बॉनेटवर व्यवस्थित अंथरून दिली.

माय-लेक दोघेही बॉनेटकडे धावले.

"ओढ," आई म्हणाल्या. "पण हळूच हं."

नवरोबांनी हळूच ओढली. चादरीबरोबर रंग आला, रंगाबरोबर पोपडा आला आणि पोपड्याबरोबर दिव्याखालचा पत्राही आला. तिथे बशीएवढं भोक पडलं. नवरोबांनी अशी काही किंकाळी फोडली की डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या.

"फुलं मात्र छान उमटलीत," आई सुनेला म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी झाडायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर भोकाकडे गेली आणि तोंड तसंच मिटलं. त्या खाली वाकल्या.

"हे कधीपासून आहे?"

"आत्ताच पडलं गं!"

"सगळे पेशंट असंच सांगतात." त्यांनी बोटानं पत्रा वाजवून पाहिला. "आत लांबपर्यंत पोकळ आहे. आतली कीड तशीच ठेवून वरून रंग फासलात तुम्ही?"

त्या आत गेल्या आणि हातमोजे, मास्क, डोक्यावरचा दिवा अशा थाटात परत आल्या. नवरोबांना पॉलिश पेपर, पुट्टी, जाळी, टर्पेंटाइन, निळ्या रंगाचा नवा डबा आणि बारीक फोमचा रोलर आणायला पिटाळलं. मग बाईंनी आधी रंगाचा सगळा ओला चिखल पुसून काढला आणि गंज कोरायला बसल्या. "पाणी... पुसा... बाजूला व्हा, उजेड अडतोय." भोकामागे जाळी लावून त्यांनी पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली.

"बॉनेट मिटा. आता उघडा. कुठे उंच लागतंय का?"

"मला कसं कळणार?"

"तुम्हाला नाही विचारत, मी माझ्याशी बोलतेय."

मग रंग पातळ करून त्यांनी साय पसरावी तसा पहिला हात मारला. सुरकुती नाही, ओघळ नाही. आईंनी खुर्ची पुढे ओढली. नवरोबांचे डोळे भरून आले. टर्पेंटाइननं असतील, पण आनंदानंही.

नेमका तेव्हाच भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा राहिला. नवरोबा टेम्पो आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"बाई, न्यायची ना गाडी?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "पेशंट खुर्चीत असताना न्यायला येता?"

भंगारवाला खो खो हसला. एवढा मोठा आ वासून हसला की बाईंच्या डोक्यावरचा दिवा थेट त्याच्या घशापर्यंत पोहोचला.

"थांबा. ती मागची दाढ कधीपासून दुखतेय?"

"दुखते कुठं? म्हणजे, रात्री जरा..."

"आत चला."

गाडी न्यायला आलेला माणूस अशा रीतीनं दाढ ठेवून गेला. रिकामा टेम्पो वळला तेव्हा नवरोबांनी त्याला आनंदानं हात हलवून निरोप दिला.

पुढे दोन आठवडे रोज दवाखाना सुटला की एक पातळ हात, मग वाळवण, मग घासणी. शेवटी गाडी अशी चकाकली की रस्त्यावरचे लोक थांबून तिच्यात बघून भांग पाडू लागले. पेशंटही वाढले. सोमवारी नवरोबा भांग पाडून, शीळ घालत किल्लीकडे वळले.

"कुठे निघालात?"

"ऑफिसला. गाडी घेऊन."

"हिला? त्या धुळीत? त्या खडीवरून?" डॉक्टरीणबाईंनी किल्ली उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. "आधी रंग मुरू दे. मग बघू."

"किती दिवस?"

"तपासून सांगेन."

नवरोबा समोरच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. तिथून गाडी फार सुरेख दिसत होती.

"काय झळकतेय हो!" शेजारचे गृहस्थ म्हणाले. "कुणाची?"

"आमची," नवरोबांची छाती फुगली.

"मग तुम्ही बसनं कसे?"

"तिच्या डॉक्टरांनी," नवरोबा अभिमानानं म्हणाले, "तिला अजून खडी चावायला मनाई केलीय."