पिवळ्यातली परकी

एका जंगलात एक माळ होता आणि त्या माळावर पिवळाधमक घोटाळा फुलला होता.

त्याचं असं झालं, बाळांनो. माळावर पूर्वापार सोनकी फुलायची. मनाक्का सशिणीची पिल्लं तिच्याच पाल्यावर वाढायची. मग कुठूनशी विलायती सोनकी आली. फूल तसंच पिवळं. पण आपल्या सोनकीच्या देठावर पानं असायची. हिचा देठ उघडाबोडका, केसाळ, आणि पानं जमिनीला चिकटलेली. ती तोंडात घेतली की पिल्लं थू थू करायची. बघता बघता तिने निम्मा माळ बळकावला.

मनाक्काने सिंहमहाराजांकडे गाऱ्हाणं नेलं. महाराजांना देशप्रेमाचा उमाळा आला. "परकीला उपटा!" अशी आज्ञा झाली. काम रानडुक्कर दंतोजीरावांकडे गेलं. उपटण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ओळखता येतं का, हे कोणी विचारलं नाही.

"रावसाहेब, देठ बघा," मनाक्का म्हणाली. "पानं असतील ती आपली."

"मी काय इथे उवा वेचायला आलोय? अगं, सोपी परीक्षा आहे. जो इथला, त्याची मुळं घट्ट. हिसक्यासरशी निघतो, तो परका."

त्यांनी सोनकीला हिसका दिला. ती बिचारी अलगद निघाली.

"बघ! मातीची ओढच नाही हिला."

मग विलायतीला हिसका दिला. तिचे फुटवे जमिनीत एकमेकांना गच्च धरून होते. रावसाहेबांना घाम फुटला. सुळा दुखावला. शेवटी त्यांनी तिला नमस्कार केला. "याला म्हणतात मातीशी इमान!"

"अहो, पण माझी पिल्लं खातील काय?"

"त्यांच्या जिभेला वळण लाव."

लवकरच माळ शुद्ध झाला. औषधालाही सोनकी उरली नाही. मोकळ्या जागेत विलायती पसरली आणि दरबारात तिचा सत्कार झाला.

सत्कारातच मनाक्का पिल्लांना घेऊन उभी राहिली. "महाराज, पोरं उपाशी आहेत हो! आमच्या कित्येक पिढ्या या माळावर गेल्या."

"परीक्षा घ्या," महाराज म्हणाले.

दंतोजीरावांनी सुळ्याने तिला उचललं. किती दिवसांचं रिकामं पोट ते! पिसासारखी वर आली.

"परकी!" सगळा दरबार एका सुरात ओरडला.

तात्पर्य : बाळांनो, आपल्या मातीवर प्रेम करा, पण ते कोणाला सांगत बसू नका. ज्याला उपटताना सरकारला कंटाळा येतो, तोच खरा भूमिपुत्र.