कडेला बसलेली बुरुलचा

सकाळी दहाला टीव्हीवर बुरुलचा दिसणार होती, म्हणून असानाकुन म्हाताऱ्याने अख्खी आळी घरी बोलावली होती. बायको बुरुलचा जाऊन चाळीस दिवस झाले होते. घरात तिचा धड फोटो नव्हता. होता तो पासपोर्टचा, आणि त्यात ती फोटोवाल्यावर चिडलेली होती. पण उन्हाळ्यात प्रांताच्या वाहिनीने घरी येऊन 'आदर्श मेंढपाळ' नावाचा कार्यक्रम चित्रित केला होता. तो आज सकाळी आणि दुपारी, असा दोनदाच लागणार होता.

कार्यक्रम लागला. मधोमध मानाच्या जागी असानाकुन, डोक्यावर उंच पांढरी टोपी, तोंडाचा पट्टा चालू. बुरुलचा कुठेच नाही! मध्येच उजवीकडून एक हात यायचा, चहाची वाटी ठेवायचा आणि गायब व्हायचा.

"हात तिचाच आहे हो," शेजारीण जमीश म्हणाली आणि रडायलाच लागली.

कडेतून डोकावता येतं का बघायला सगळे एका बाजूला सरकले. असानाकुनने टीव्ही उचलून डावीकडे ठेवला, मग त्याला एक थापड मारली. बुरुलचा काही दिसेना. कार्यक्रम संपला.

दुपारच्या आत, वाहिनीत तीस वर्षं तारा जोडणाऱ्या मेलिसला धरून आणलं.

"अता," मेलिस वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "आम्ही चित्र पाठवतो रुंद आणि लख्ख. तुमचा टीव्ही जुना, चौकोनी. त्याला जोडलेला हा डबा चित्र त्याच्या मापाचं करतो, म्हणजे दोन्ही कडा कापतो. मधे बसेल तो वाचतो."

"अरे, पण चहाचं पाणी उकळणारा सामोवार कडेलाच असतो ना!" असानाकुन म्हणाला. "वाटी भरून दिली की पाहुणा समजतो, पी आणि चालू पड. म्हणून अर्धीच ओतायची, परत परत ओतायची. तिने उठायचं कधी?"

दुपारी कार्यक्रम लागताच मेलिसने डब्याचं एक बटण दाबलं. अख्खं चित्र चौकोनात कोंबलं गेलं. असानाकुनची टोपी धुराड्याएवढी झाली, लोक खो खो हसले. बुरुलचाही दिसली, पण काडीसारखी.

"बदल ते," असानाकुन म्हणाला. "शेवटी दवाखान्यात अशीच झाली होती."

हसणं थांबलं. मेलिसने घाईघाईने दुसरं बटण दाबलं. वर-खाली काळे पट्टे, मधे चिंचोळं चित्र, आणि त्यात बुरुलचा. अंगठ्याएवढी, पण लालबुंद गालांची, अगदी तीच! म्हातारा टीव्हीला नाक लावून बसला.

बातमीदार बाई विचारत होती, "आजी, तुम्हीही काही सांगा ना." बुरुलचाने चहादाणी खाली ठेवली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला, तोंड उघडलं.

"ती काय सांगणार? मी सांगतो," मधला असानाकुन म्हणाला आणि तिच्याकडे न बघताच रिकामी वाटी पुढे केली. सकाळी हेच वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, कुणाला काही वाटलं नव्हतं. बुरुलचाने वाटी अर्धी भरली. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा वाटी पुढे आली.

"गप बस की मेल्या!" असानाकुन टीव्हीतल्या असानाकुनवर ओरडला. "बोलू दे तिला!"

टीव्हीतला कसला ऐकतोय. तो लोकरीच्या प्रतीवर बोलत राहिला.

म्हाताऱ्याने मेलिसचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं होतं.

"मेलिस, तुझा हा डबा कडा कापतो ना?"

"हो, अता."

"मग मधला कापून कडा ठेवता येतात का, बघ."