तीन घोड्यांचा एक निष्ठावंत

टेंभुर्णीपासून सात किलोमीटरवर बोरजवळा नावाचं गाव आहे. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत दरवर्षी घोड्यांची शर्यत होते आणि शर्यतीवर एक पैसाही लावला जात नाही. जुगार कायद्याने बंद आहे. म्हणून यात्रा समितीने ठराव करून पैशांऐवजी निष्ठा लावण्याची सोय केली. ज्याला जो घोडा जिंकेल असं वाटेल, त्याने त्या घोड्याच्या मालकाकडे 'निष्ठापत्र' भरून द्यायचं. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. जिंकलेल्या मालकाचा शब्द गावात वर्षभर चालणार आणि त्याच्या निष्ठावंतांची कामं आधी होणार. बाकीच्यांनी पुढच्या यात्रेची वाट बघायची.

तातेराव नऊ वर्षं वाट बघत होता. त्याला शेताकडे जाणारा पाणंद रस्ता हवा होता. गेल्या श्रावणात बांधावरून घसरून बायकोचा, दैवशालाचा, पाय मोडला, तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घालून गुडघाभर चिखलातून दीड तासात गावात आणलं होतं. त्या दीड तासात ती एकदाही ओरडली नाही. फक्त म्हणाली, "अहो, यंदा जरा बराबर घोडा निवडा."

घोडे तीन होते. 'सुलतान' सरपंच गिरिजाबाईंचा, 'बिजली' रामकिसन पाटलांची आणि 'कलेक्टर' जेसीबीवाल्या पप्पूशेठचा. तातेराव ज्याच्यावर निष्ठा लावी तो घोडा हरे, असा नऊ वर्षांचा अनुभव होता. यंदा त्याने तिन्हींवर लावायचं ठरवलं. अडचण एकच होती : नियमाप्रमाणे एका माणसाला एकच निष्ठा.

इथे शासन त्याच्या मदतीला आलं. आधार कार्डावर त्याचं नाव तातेराव होतं, रेशन कार्डावर ताटेराव आणि मतदार यादीत तातीराव. हे दुरुस्त करून घ्यायला त्याने सहा वर्षं खेटे घातले होते. आता एकदम त्याच्या लक्षात आलं, की ही चूक नव्हती, योजना होती.

"लोक काय म्हणतील?" दैवशालानं विचारलं.

"लोकायला कळायचंच न्हाई. कागदावर मी तिघं जण हाय."

"मंग भाकरी कितीच्या टाकू?"

तिन्ही फॉर्म वेळेत दाखल झाले. गिरिजाबाई म्हणाल्या, "तातेराव, तू आपला माणूस." पाटील म्हणाले, "तू माझाच हाय हे मला ठावंच होतं." पप्पूशेठची रीत वेगळी. त्याने पाठीवर थाप मारली. ती दोन दिवस दुखली.

इथवर सगळं अगदी ठीक चाललं होतं. पण शर्यतीला पंच लागतो. गेल्या वर्षीचे पंच शाळेचे मुख्याध्यापक होते. निकाल सांगून ते जे गावाबाहेर पडले, ते बदली झाल्यावरच थांबले. समितीने बैठक बोलावली. तिन्ही मालकांना मान्य असेल असा निःपक्ष माणूस सुचवा, असं ग्रामसेवकांनी सांगितलं. तिघांनी एकाच दमात एकच नाव घेतलं : तातेराव.

बोरजवळ्यात असं एकमत कधीच झालं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिन्ही मालकांनी आळीपाळीने तातेरावाला डोळा मारला. तातेरावाने तिन्ही वेळा मान हलवली आणि घरी जाऊन चादर ओढून झोपला.

"ताप आलाय म्हणून सांग," तो बायकोला म्हणाला.

"सांगितलं. ते म्हणले, पंचाला ताप चालतो."

शर्यतीच्या दिवशी त्याला शेवटच्या रेषेवर खुर्ची, शिट्टी आणि छत्री देण्यात आली. दुपारी घोडे सुटले. सुलतान आणि बिजली गळ्यात गळा घालून पळत होते. कलेक्टर सुरुवातीला जागचा हलेना. पण एकदा हलला तो कुणाचं ऐकेना. धुळीचा लोट रेषेजवळ आला तसा तातेराव हिशेब करू लागला. एकाचं नाव घेतलं, की दोघं कायमचे वैरी. त्याने एका हाताने खुर्ची घट्ट धरली आणि दोन्ही डोळे मिटले. टापा आल्या, टापा गेल्या. डोळे उघडले तर गाव त्याच्याभोवती जमलेलं. धुळीत कुणालाच नीट दिसलं नव्हतं.

"बोल तातेराव! कोण पैला?"

त्याला बाजेवरची दैवशाला आठवली. आवाज निघाला तो दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. "तिन्ही पैले."

पप्पूशेठ लगेच म्हणाला, "पंचाचा निर्णय म्हंजे निर्णय." बाकी दोन्ही मालकांनीही मान डोलावली, कारण आपला घोडा तिसरा आला असावा, अशी तिघांनाही मनातून धास्ती होती. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात नोंद केली : 'तिन्ही घोडे प्रथम. द्वितीय व तृतीय क्रमांक पात्र घोड्याअभावी रिक्त.' गावातून तीन मिरवणुका निघाल्या. तातेराव तिन्हींत नाचला. दोन मिरवणुका वेशीत समोरासमोर आल्या तेव्हा तो मध्ये सापडला. मग दोन्हीकडे तोंड करून नाचला.

तिन्ही मालक शब्दाला जागले. गिरिजाबाईंनी रस्त्याचा ठराव मंजूर केला. पाटलांनी आपल्या बांधावरून वाट सोडायची संमती लिहून दिली. पप्पूशेठने जेसीबी देतो म्हणून पत्र दिलं. तातेराव तिन्ही कागद घेऊन ग्रामसेवकांकडे गेला. त्यांनी चष्मा लावला.

"ठराव ताटेरावाच्या नावाचा. संमती तातीरावाला. जेसीबी तातेरावाला. लाभार्थी तीन अन् रस्ता एक. यातले तुम्ही कोण?"

"साहेब, तिघं बी मीच."

"तसं प्रतिज्ञापत्र आणा. तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे म्हणून. त्याची एकेक प्रत तिन्ही मालकांना जाईल."

तातेराव घरी येऊन ओट्यावर बसला. प्रतिज्ञापत्र केलं तर बेइमानी शिक्क्यासह सिद्ध होणार. न केलं तर रस्ता गेला. दैवशाला लंगडत बाहेर आली, शेजारी बसली.

"लाज चार दिवस राहाती," ती म्हणाली. "चिखल चार महिने."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाफ्राबादला तहसीलला पोचला. 'एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र' असा फलक लावलेल्या खिडकीपुढे लांबलचक रांग होती. तातेराव तोंडाला रुमाल बांधून मागे उभा राहिला. मग त्याने पाहिलं, की रांगेत सगळ्यांनीच रुमाल बांधलेत. पाठी ओळखीच्या वाटल्या. त्याच्यापुढच्या माणसाने खोकण्यासाठी रुमाल खाली केला, तर ते रामकिसन पाटील.

"पाटील, तुमी हितं?"

पाटलांनी इकडेतिकडे बघितलं. "माझं आधारावर रामकिसन हाय, मतदार यादीत रामकृष्ण, रेशनवर रामकसन."

"पण पाटील, तुमचा तर सोताचा घोडा पळून राह्यला होता!"

"सोताच्या घोड्याचा कुणाला भरोसा असतो का, खुळ्या? मंग दोन फारम तिकडं बी टाकले."

पुढून एक बाई खुदकन हसली. आवाज गिरिजाबाईंचा होता. पप्पूशेठ खिडकीपाशी पोचलाही होता. मग हळूहळू सगळ्यांनीच रुमाल सोडले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. साक्षीदार म्हणून पाटलांनी तातेरावाच्या कागदावर सही केली, तातेरावाने पाटलांच्या. सोमवारी जेसीबी लावायचा, हेही उभ्या-उभ्याच ठरलं.

रांगेच्या शेवटी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक शहरी गृहस्थ हा सगळा तमाशा बघून केव्हाचा हसत होता. काम झालेला तातेराव जाता जाता त्याच्यापाशी थांबला.

"साहेब, तुमी कोणत्या घोड्याचे?"

"छे छे! मी कुठल्याच नाही. मी नुसता मजा बघतोय."

"बरं झालं," तातेराव म्हणाला. "मंग मघापासून नंबर धरून कशाला उभे हाव?"