बाणाचे सदतीस धडे

माणूस चुकांतून शिकतो. त्यामुळे ज्याच्या हातून चूक होत नाही, त्याचं शिक्षण कायमचं अपुरं राहतं. बाण हंगामातल्या चौथ्या शर्यतीत सहावा आला. ही घटना घडलेली नाही. क्लबच्या दफ्तरात तिची नोंद नाही, आणि जे दफ्तरात नाही ते डोंगरावरही नाही, असा नियम आहे (नियम चिटणिसांनी स्वतः केलेला असल्यामुळे शंकेला जागा नाही).

तेव्हा जे घडलं, तेवढंच सांगू.

बाण हा माउंटन बाइकवाला. नाव मामांनी ठेवलं. वेगामुळे नव्हे, तर एकदा सुटला की वळत नाही म्हणून. हंगामाच्या सुरुवातीला क्लबच्या चार शर्यती होतात. पहिल्या तीन नुसत्या शिकण्यासाठी. चौथीत जे पहिले सहा येतील ते संघात, आणि सातवा संघाबरोबर जर्किनं सांभाळायला. बाण तीन वर्षं जर्किनं सांभाळत होता. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हेच त्याला झोपू देत नव्हतं.

प्रत्येक शर्यतीनंतर एक छापील नमुना भरावा लागे. डाव्या रकान्यात चूक, उजव्या रकान्यात तिच्यापासून मिळालेला धडा. किमान पाच. नमुना भरल्याशिवाय निकाल अधिकृत होत नसे. पद्धत थोर आहे. पूर्वी लोक पडायचे आणि घरी जायचे. आता पडतात आणि लिहितात.

पहिल्या शर्यतीत बाण उतारावरच्या तिसऱ्या वळणाला सरळ काटेरी झुडपात गेला. त्यातून नऊ धडे निघाले. टायरमध्ये हवा जास्त होती. केळं शर्यतीच्या चाळीस नव्हे, पंचावन्न मिनिटं आधी खायला हवं होतं. वगैरे. दुसऱ्या शर्यतीला त्याने हवा कमी केली, केळं घड्याळ लावून खाल्लं आणि त्याच वळणावर त्याच झुडपात गेला. धडे तेरा (हातमोज्यांच्या रंगाचा मनावर परिणाम होतो, हा सातवा). तिसऱ्या शर्यतीला हातमोजे नवे होते, झुडूप जुनंच. धडे पंधरा.

एकूण सदतीस. क्लबच्या आकडेवारीनुसार दर किलोमीटरमागे इतकं ज्ञान आजवर कोणी मिळवलेलं नाही. क्लबच्या प्रशिक्षक सरांनी ते नमुने फलकावर लावले आणि नवख्यांना म्हणाले, "शिकावं तर असं!"

बाणाची ताई दवाखान्यात परिचारिका. दर शर्यतीनंतर ती बाणाला स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं करून (बसण्याची सोय काट्यांनी ठेवली नव्हती) चिमट्याने एकेक काटा उपसत असे.

"वळणाआधी ब्रेक दाबतोस का रे?"

"ताई, तुला यातलं तांत्रिक कळत नाही."

"नाही कळत, बाबा. वाक."

तिसऱ्या खेपेला मात्र काटे काढून झाल्यावर तिने चिमटा त्याच्या हातात दिला. "यापुढे तुझे तू काढ. पोचतो का हात, बघ."

बाणाने हात नेऊन पाहिला. पोचत नव्हता.

चौथ्या शर्यतीत ते वळण समोर आलं, तेव्हा बाणाला हवा आठवली नाही, केळं आठवलं नाही, चिमटा आठवला. त्याने ब्रेक दाबला. सायकल वळली. पुढे ओढा होता, त्यावर दोन फळ्यांचा पूल होता. यंदाच्या नव्या मार्गावर तीन शर्यती करूनही हा मुलूख त्याने कधी पाहिला नव्हता. "अरेच्चा, इथे पूल आहे!" असं तो मोठ्याने म्हणाल्याचं मागून येणाऱ्या सातव्याने नमूद केलं आहे. शेवटच्या चढावर फुप्फुसं तोंडाशी आली, पण तो सहावाच राहिला. रेषेपाशी ताई बोटं मोजत ओरडली, "सहावा! मेल्या, सहावा आलास!"

मग नमुना भरायची वेळ आली.

"रकाना कोरा आहे," चिटणीस म्हणाले.

"चूक झाली नाही."

"असं कसं? किमान पाच लागतात."

"अरे, खरड की काहीतरी," ताई कुजबुजली. "हवा लिही. केळं लिही."

"हवा बरोबर होती, ताई. केळंसुद्धा."

मामांनी नाव उगाच ठेवलं नव्हतं.

निकाल अनधिकृत ठरला. सातवा (चुका अकरा, अक्षर मोत्यासारखं) संघात गेला. बाणाने दाद मागितली. समितीने सहानुभूतीने विचार करून कळवलं, की कळलेली चूक माणूस पुन्हा करत नाही, याचं एकही उदाहरण समितीला ठाऊक नाही. सबब अर्जदाराने स्वानुभवाने तसं सही करून देणारे पाच साक्षीदार आणावेत.

सरांनी पेन काढलं, क्षणभर विचार केला आणि परत खिशात ठेवलं. ताई म्हणाली, "मी तेच काटे तीनदा काढले. माझी सही चालायची नाही."

मुदत शनिवारपर्यंत आहे. तरी स्वतःची चूक एकदा कळल्यावर ती पुन्हा न केलेल्या कोणत्याही पाच वाचकांनी खाली सही करावी, ही नम्र विनंती. वाचताना आपल्या मनात ज्या दुसऱ्या कोणाचं नाव आलं, त्याची सही ग्राह्य धरली जाणार नाही, स्वतःचीच करावी.