बिनघंटीची सायकल आणि चपटा ससा

आमचे शेजारी सुकदेव नाना यांनी एकतीस वर्षे ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवीकोरी सायकल घेतली आणि तिची घंटी दुकानातच पान्याने सोडवून दुकानदाराच्या हातावर ठेवली. तेव्हापासून जळगावच्या भर बाजारात घंटीचे काम ते तोंडाने करीत. "सरका भो, सरका! नाना ई ऱ्हायना!" अशी नाना येत असल्याची आरोळी ऐकू आली की भाजीवाल्या टोपल्या आत ओढत आणि मी घरात दात-ओठ खात असे.

सायकलीला घंटी हवी हा नियम आहे. ती हौस नव्हे. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून माझे सारे आयुष्य नियम वाचण्यात आणि ते न वाचणाऱ्यांवर संतापण्यात गेले. मी नानांना घंटीबाबत तीन पत्रे लिहिली. तिन्ही रीतसर होती, तिन्हींची स्थळप्रत माझ्याकडे आहे. पहिले पत्र कुंपणाच्या भिंतीवरून हातात दिले, तेव्हा नानांनी ते दोनदा वाचले, नीट घडी घालून ड्रायव्हिंग लायसनच्या पाकिटात ठेवले आणि म्हणाले, "झकास लिखेल शे, भाऊसाहेब."

"पण उत्तर काय?"

"मना तोंडले आजून गंज नही चढना," एवढे बोलून ते सायकलीवर टांग टाकून निघून गेले.

नाना मूळचे धुळ्याकडचे. लांबच्या गाड्या चालवून त्यांना हिंदी, गुजराती, पंजाबी शिव्या अस्खलित येत, पण बोलणे मात्र घरचेच राहिले होते. रावेर-फैजपूरची केळी भरून ते दिल्लीला जात. यावल-चोपड्यावरून शिरपूर जवळ पडते, हे शाळकरी पोरही नकाशात दाखवील. नाना मात्र उलटे धुळ्यावरून जात आणि सोनगीरला चहा पीत. मालक ओरडे. नाना म्हणत, "तठला चहाना हिसाब येगळाच शे." एका चहासाठी एवढा वळसा घेणाऱ्या माणसाकडून घंटीची अपेक्षा करणे हाच माझा प्रमाद होता, असे आमची मंडळी म्हणे.

आता सिनेमाकडे येतो.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते. स्टेशनच्या बाजूच्या एका चित्रपटगृहात एकाच आठवड्यात दोन चित्रपट लागले. संध्याकाळी सहाला मारधाडीचा. त्याच्या फलकावर नायकाच्या दंडाला नायिकेच्या कमरेपेक्षा जास्त जागा दिली होती. दुपारी बाराला परदेशी, हाताने काढलेल्या हलत्या चित्रांचा, हिंदी बोलणाऱ्या सशांच्या कुटुंबाचा. सोमवारी नाना मला आग्रहाने सहाच्या खेळाला घेऊन गेले. "गाड्यासना पिक्चर शे," ते म्हणाले. मी गेलो. ही माझी दुसरी चूक.

मध्यंतरापर्यंत नाना घोरत होते. मध्यंतरानंतर घाटात एका ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि नाना जागे झाले. नायकाने पुलावरून त्या धावत्या ट्रकच्या टपावर उडी घेतली, खिडकीतून आत शिरला, खलनायकाला तिसऱ्या ठोशात दरीत पाठवले, शेजारी बसलेल्या नायिकेचे सांत्वन केले आणि ट्रक कड्यापासून वीतभर अंतरावर थांबवला. सारे प्रेक्षागृह शिट्या वाजवत असताना नाना उभे राहिले आणि गरजले, "हाई बठ्ठं खोटं शे!"

"नाना, खाले बठा!" मागून कोणीतरी ओरडले.

"अरे, ब्रेक नही, मंग थांबनी कशी? गियर तरी पाडा का त्यानी? हात ते बठ्ठा येळ त्या बाईना खांदावर व्हता!"

"मग तुम्हीच चालवा ना!"

"आन इकडे गाडी! उतारी दाखाडस!"

डोअरकीपरने बॅटरीचा झोत टाकला. तो नेमका माझ्या तोंडावर पडला. पुढचा सारा चित्रपट दोनशे माणसे मलाच त्या गोंधळाचे मूळ समजत होती.

घरी येताच मी मॅनेजरला पत्र लिहिले. त्यातला मुख्य भाग असा: "सदर प्रेक्षक चालू खेळात उभे राहून पडद्यावरील वाहनचालकास मार्गदर्शन करतात. त्यामुळे इतर प्रेक्षकांच्या कथानक समजून घेण्याच्या हक्कास बाधा येते. सबब त्यांस यापुढे कोणत्याही खेळास प्रवेश देऊ नये."

मंडळी म्हणाली, "अहो, परवाच त्यांनी केळ्यांच्या दोन फण्या आणून दिल्या, आणि तुम्ही त्यांच्याच विरुद्ध अर्ज करता?"

"केळी खाऊन साक्ष फिरवली तर त्याला लाच म्हणतात," मी म्हणालो आणि मंगळवारी सकाळी पत्र जातीने देऊन पोच घेतली.

त्या मॅनेजरला मी तोवर पत्रे लिहिली होती ती पंख्यांविषयी, ढेकणांविषयी, तोंडी सूचनांवर चालणाऱ्या कारभाराविषयी आणि राष्ट्रगीताच्या वेळी समोसे विकण्याविषयी. एकालाही उत्तर आले नव्हते. त्यामुळे याचे काही होईल असे मला खरोखरच वाटले नव्हते.

नाना मात्र त्या आठवड्यात निराळ्याच नादात होते. दुपारी साडेअकराला ते सायकल काढत आणि तीनला परत येत. मंगळवारी त्यांनी सशांचा चित्रपट पाचव्यांदा पाहिला, तेव्हा मी त्यांना भिंतीपाशी गाठले.

"नाना, सहाच्या खेळातला ट्रक तुम्हाला खोटा वाटतो. आणि बोलणारे ससे खरे?"

"खरे."

"अहो, ते हाताने काढलेले आहेत! हाताने काढलेला दस्त म्हणजे बनावट दस्त. कोणतेही न्यायालय तो पुराव्यात घेणार नाही."

नानांनी विडी विझवली. "भाऊसाहेब, तठे खरी माणसं शेतस, खरी गाडी शे, खरा घाट शे, आनि दाखाडतस खोटं. आठे कागदवर ससा काढेल शे, आनि त्या पहिलेच सांगतस का भो, हाई चित्र शे. मंग खोटं कोन बोलनं?"

एवढ्या वर्षांत नामांकित वकिलांचे युक्तिवाद ऐकले होते, पण यावर हरकत कोणत्या कलमाखाली घ्यावी ते सुचेना. "आणि असे काय आहे त्या सशांत?" एवढेच विचारले.

"शे एक गम्मत," नाना म्हणाले. "आखरीले."

गुरुवार हा त्या चित्रपटाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी रिळांच्या पेट्या धुळ्याला जाणार होत्या. बारा वाजून गेल्यावर मी बाहेर आलो तो नाना आपल्या ओट्यावर बसलेले. सायकल भिंतीला टेकलेली. नाना आरडाओरडा करत नव्हते, विडीही ओढत नव्हते, यामुळे मी चमकलो.

"गेला नाहीत?"

"आत सोडं नही. डोअरकीपर म्हने, तुम्हना नावनं पत्र शे."

माझ्या पत्राची अंमलबजावणी झाली होती! प्रथमच! क्षणभर, खोटे कशाला बोलू, माझा ऊर भरून आला.

"पत्र कोणाचे, ते सांगितले?"

"सांगानी गरज काय?" नाना किंचित हसले. "जळगावमा 'सबब' म्हनीसन कोन लिखस?"

त्यांनी एक शब्दही वाकडा काढला नाही. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. माफी मागण्याचा मला सराव नाही, म्हणून मी चिडून म्हणालो, "अहो, पण इतक्यांदा पाहून झालाय ना तो चित्रपट! आणखी एकदा राहिला तर काय आकाश कोसळणार आहे?"

तेव्हा नानांनी सांगितले ते असे.

सोनगीरच्या अलीकडे एका चहाच्या हॉटेलावर एक कुत्रा होता. पिवळट, एक पाय पांढरा. नाना त्याला शेट म्हणत. सोनगीरचा किल्ला दिसू लागला की नाना तीनदा हॉर्न देत आणि शेट हॉटेलातून धावत रस्त्याच्या कडेला येऊन उभा राही. बाकी शंभर गाड्या हॉर्न देत जात, तो कान हलवत नसे. नानांचा हॉर्न मात्र ओळखी. नाना उतरत, त्याला पाव आणि गुळाचा खडा देत. आठ वर्षे हा क्रम चालला. चोपड्याचा जवळचा रस्ता सोडून धुळ्याचा वळसा होता तो यासाठी; चहा तिथे अत्यंत वाईट मिळे.

"एक दिन सकाळले धुकं व्हतं," नाना म्हणाले. "मी हॉर्न दिधा. त्या दिवशे तो सडकना पल्याड व्हता. मले दिसना नही. मीच बलाया त्याले, भाऊसाहेब. तो पयत ऊना."

शेट पळत आला, इथवरच त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "हॉटेलवाला म्हने, कुत्रंच व्हतं, नाना, चहा ल्या. मी तठे घंटाभर उभा व्हतो. कोनी एक शब्द बोलनं नही मले. तुम्हनासारखा कोनी ऱ्हाता ते मनावर अर्ज तरी करता."

शिरस्तेदारीच्या काळात मी शेकडो जबाब वाचले. आरोपी स्वतःवर अर्ज व्हावा म्हणून हळहळतो, असा एकही वाचला नव्हता.

मी उठलो. "चला," म्हणालो.

"कोठे?"

"सायकल काढा."

सायकलीवर दोघांनी बसणे हा गुन्हा आहे. मी कॅरियरवर बसलो.

मॅनेजर आपल्या खोलीत डबा खात होता. मी म्हणालो, "यांना आत सोडा. माझे पत्र मी मागे घेतो."

"तोंडी?" मॅनेजरने बोटे चाटली. "साहेब, तुम्हीच लिहिले होते ना एकदा, तोंडी सूचनांवर कारभार चालवू नये म्हणून? लेखी द्या."

मी संतापाने लाल झालो. पण मुद्दा बिनतोड होता. त्याच्याच टेबलावरच्या जाहिरातीच्या कागदामागे मी माघारपत्र लिहिले. त्याने ते सावकाश वाचले, 'कोणत्याही खेळास' हे शब्द राहिले आहेत असे दाखवून दिले आणि ते घालायला लावले. असा मॅनेजर मला आधी भेटला असता तर आमची दोस्ती झाली असती.

आम्ही आत शिरलो तेव्हा मध्यंतर होऊन गेले होते. शाळांची पोरे, त्यांच्या आया, खारे शेंगदाणे, किलबिलाट. पडद्यावर सशांचे कुटुंब घर बदलत होते, डोक्यावर भांडीकुंडी घेऊन रस्ता ओलांडत होते. सर्वांत धाकटा ससा मागे राहिला. पलीकडून आईने हाक मारली. तो धावला. आणि वळणावरून एक भला मोठा गाडा आला आणि त्याच्या अंगावरून गेला.

नाना उभे राहिले. बॅटरीचा झोत येणार, हे मी जाणून होतो.

रस्त्यावर ससा पापडासारखा चपटा पडला होता. मग पापडाचा एक कान हलला. सशाने स्वतःलाच एका कोपऱ्याला धरून धोतर झटकावे तसे झटकले, फुगला, गोल झाला आणि शिंकून आईकडे पळत सुटला. पोरे खदाखदा हसली.

"उठना," नाना अगदी हळू म्हणाले. "देखा, भाऊसाहेब. दरयेळे उठस."

झोत आलाच. डोअरकीपर म्हणाला, "ओ, खाली बसा!" मी त्याला एवढ्या जोराने "गप!" म्हणालो, की पुढच्या तीन रांगा वळून पाहू लागल्या. चालू खेळात आवाज करण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग.

परत येताना मी पुन्हा कॅरियरवर होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या बरोबर मध्यात, एक कुत्रे उन्हात ताणून झोपले होते. नानांनी ब्रेक दाबला, पाय टेकवला. ते ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. पण ते नुसते त्या कुत्र्याकडे पाहत राहिले.

घंटी असती तर, असे माझ्या मनात आले. पण धुक्यातला तो हॉर्न आठवला आणि ते मी तिथेच पुसून टाकले.

"सरक भो, सरक!" मी कॅरियरवरून ओरडलो. "नाना ई ऱ्हायना!"

कुत्र्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे तुच्छतेने पाहिले, पुढचे पाय ताणून आळस दिला आणि मग उठले. रमतगमत पलीकडच्या ओट्याखाली गेले. ते पूर्ण बसेपर्यंत आम्ही दोघेही तिथेच थांबलो.