प्रफुल्लच्या अर्जाचे साक्षीदार

आमच्या अल्लीपुरात माणसं मोबाइलवर नाना उद्योग करतात, पण मोबाइलचीच उलटतपासणी घेणारा माणूस एक. आमच्या समोरच्या घरातला प्रफुल्ल. वय सत्तावीस, शिक्षण बी.कॉम., उद्योग नोकरीचे अर्ज करणं. सकाळी ओट्यावर मांडी घालून बसतो, फोन विटेला टेकवून समोर उभा करतो आणि त्यातल्या एआयला विचारतो, "मी कल्पक आहो असं तुम्ही लिहिलं. ठीक. पण याले साक्षीदार कोण?"

एआय बिचारं घाबरून लिहितं, "माफ करा, ही माहिती मी गृहीत धरली होती."

"चालते," प्रफुल्ल म्हणतो. "पुढच्या वेळी विचारून लिहा."

हे यंत्र त्याला दाखवलं मीच. मी त्यातला जाणकार, असा माझा समज होता. शाळेतून निवृत्त होताना निरोपाचं भाषण मी या यंत्राकडूनच लिहून घेतलं होतं आणि आधी न वाचता थेट व्यासपीठावर वाचलं. त्यात मी शाळेच्या जलतरण तलावाचे आभार मानले. आमच्या शाळेत पाण्याची टाकी होती, तीही गळकी. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी बहुतेक ऐकलं नव्हतं.

गावातली बाकीची पोरं हुशार. पाच मिनिटांत अर्ज काढतात. मागे नऊ जणांनी एकाच कंपनीला अर्ज केले, तर नऊही जणांचा छंद 'वाचन व गिर्यारोहण' निघाला. त्यातला एक जण गिरडच्या टेकडीवर चढताना दोनदा बसला होता, हे मी स्वतः पाहिलंय. तेव्हा मी तिसऱ्यांदा बसलो होतो.

प्रफुल्लचं तसं नाही. हिंगणघाटजवळच्या एका बियाणं कंपनीच्या गोदामात सहायकाची जागा निघाली, तेव्हा एआयने त्याला झकास पानभर अर्ज लिहून दिला. पठ्ठ्याने तो छापला, प्रत्येक वाक्यासमोर रेघ मारून सहीची जागा केली आणि पंचनाम्याला निघावं तसा गावभर निघाला. ज्या वाक्याला सही मिळेल ते राहणार, बाकी खोडणार.

"काऊन एवढा खटाटोप?" मी विचारलं.

"काकाजी, माहा अर्ज आहे ना? मंग त्यातला माणूस मीच पाह्यजे."

पहिलं वाक्य होतं, 'मी गतिमान व्यक्तिमत्त्वाचा आहे.' टपरीवाले रामभाऊ म्हणाले, "गतिमान? लेका, तू एका कटिंगले अर्धा घंटा लावतं. माहा गिलास अडकून राह्यते." वाक्य गेलं.

दुसरं, 'मी संघभावनेने काम करतो.' यासाठी तो कबड्डीच्या कॅप्टनकडे, सत्तारकडे गेला. सत्तार उसळलाच. "संघभावना? बाप्पा! सेमीफायनलमधे पंचानं आपल्याले पॉइंट देल्ला, अन् हा म्हणे, मी त्याले हातच लावला नाई. आपलाच पॉइंट परत करून आला! एका पॉइंटानं हारलो आपण!" सही दिली नाहीच, पण वाक्याखाली शेरा मारला: 'प्रामाणिक आहे. खेळात घेऊ नये.'

'तणावाच्या प्रसंगी शांत राहतो' या वाक्यावर मात्र आमच्या हिनं लगेच सही केली. आमच्या न्हाणीत नाग निघाला होता तेव्हा प्रफुल्लनेच त्याच्यावर अलगद घमेलं पालथं घातलं होतं. साक्षीला माझं नाव चालत नव्हतं, कारण त्या वेळी मी गच्चीवर होतो. तणावात मी उंची गाठतो.

चार दिवसांत पानभर अर्जाची चार वाक्यं उरली. शेवटची तारीख आली. पुढे पाठवण्यासाठी त्याने तो माझ्याकडे दिला, कारण माझ्या घरी लॅपटॉप. त्याची आई जाऊन दोन वर्षं झालेली, त्या घरात तो एकटा. त्या आधी तीन ठिकाणी असेच चार-चार ओळींचे अर्ज गेले होते आणि कुठूनही उत्तर आलं नव्हतं. या खेपेला तरी पोरगं लागलं पाहिजे, असं मला वाटलं. मी एआयला म्हटलं, जरा भरीव कर. त्याने लिहिलं, 'गोदाम व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अनुभव.' मला ते फारच आवडलं. मी पाठवून दिलं, आणि प्रफुल्लला काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. मी दोन दिवस मिशीत हसत होतो. तो मुलाखतीहून परतला आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसला.

"काकाजी, मॅडमनं विचारलं, कोणत्या गोदामात होते?"

मी चष्मा पुसायला घेतला. "मंग?"

"मी म्हटलं, हे वाक्य माह्यं नाई. खिशातून सह्यांचा कागद काढून देल्ला. त्याहीनं सत्तारचा शेरा वाचला अन् खूप हासल्या. म्हणे, कळवतो."

"तुले राग नाई आला माहा?"

"तुम्ही माह्या भल्यासाठीच केलं." मग म्हणाला, "पण तो अनुभववाला अर्ज मॅडमच्या हातात पाह्यला तं दोन मिनिटं मले वाटलं, याहीनं दुसऱ्याच कोणाले बोलावलं. मी उगाच आलो."

छत्तीस वर्षं मी मुलांना 'नेहमी खरे बोलावे' हे शुद्धलेखनाला घालत आलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. बाईंचा आवाज. कंपनीत भरायच्या फॉर्मवर चौकशीसाठी प्रफुल्लने माझं नाव आणि नंबर दिला होता. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "मॅडम, ते अनुभवाचं वाक्य मी घुसडलं. पोराला माहीत नव्हतं. शिक्षा करायची तर मला करा."

"तुम्हाला काय शिक्षा करणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याचे कोण?"

"शेजारी."

कागद चाळल्याचा आवाज आला. "इथे नात्याच्या रकान्यात त्याने वेगळं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"'घरचे.'"

मला बोलघेवडा म्हणून सगळा तालुका ओळखतो. त्यावर माझे सहाच शब्द निघाले. "बरोबर लिहिलंय, मॅडम. चूक माझी झाली."

"बरं. त्याला सोमवारपासून पाठवा."

मी रस्ता ओलांडून गेलो. प्रफुल्ल अंगणात दोरीवरचे कपडे काढत होता.

"सोमवारपासून जा लागते तुले."

त्याच्या हातातला चिमटा पडला. "मॅडमचा फोन आलता? काही... विचारलं काय त्याहीनं?"

"विचारलं."

तो दोरीकडेच बघत म्हणाला, "तो रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, काकाजी."

"डब्याचं काय करशीन?"

"तिथं खानावळ पाह्यतो ना."

"काकू सकाळी सात वाजता भरून ठेवते. न विचारता घेऊन जाजो."

हातातल्या शर्टाची त्याने घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शर्ट माझा होता, मुलाखतीसाठी नेलेला. घडी माझ्यापुढे धरून तो तसाच उभा राहिला.

"राहू दे तुलेच," मी म्हणालो. "माह्या पोटावर तो आता बसत नाई."