इंजिनाला कणीक

आमच्या शेजारच्या दत्तारामने माझ्याकडून चपात्यांची कणीक मागून नेली आणि इंजिनात घातली.

मी कणीक तिंबत होते. तो मागच्या दारात उभा, कोपरापर्यंत काळा.

"वयनी, वायच कणीक दी."

"जेवायलाच ये ना. लाटतेच आहे."

"खाऊक न्हय. पिस्टनावर घालूक व्हयी."

माझ्या हातातून परात निसटायची बाकी होती. मागोमाग गेलेच. अंगणात त्याच्या लेकाची, नितेशची लाल गाडी तोंड वासून उभी होती. इंग्लंडला जाण्याआधी त्याने हौसेने घेतलेली, शर्यतीच्या जातीची, पण म्हातारी. दत्तारामने पिस्टनवर कणीक थापली, वर हेड बसवलं, बोल्ट आवळले, इंजिन हाताने फिरवलं आणि हेड पुन्हा उघडलं. कणकेत व्हॉल्वचा ठसा! तो सुरीने कापून त्याने त्याची जाडी अशी निरखली की, देवा रे, आता खातो की काय.

"आपटणा नाय," तो म्हणाला आणि हुश्श करत खाली बसला.

जन्मभर डिचोलीला खाणीवरचे ट्रक दुरुस्त केलेला माणूस. त्याच्याकडून मला कळलं ते असं: हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. ते खालून घासलं की आतली जागा कमी होते, पेट्रोल जास्त आवळलं जातं, भडका जोरात उडतो. यालाच कॉम्प्रेशन वाढवणं म्हणतात. पण जास्त घासलं की व्हॉल्व पिस्टनवर आदळतो आणि सगळ्याचा चुरा; मधे किती फट उरली ते कणीक सांगते. "जागा कमी केली की दम वाढता," हे त्याचं ब्रह्मवाक्य. एका लग्नाच्या पंगतीत हेच म्हणत त्याने तिघांच्या बाकावर आम्हां पाच बायकांना कोंबलं होतं. दम वाढला नाही, बाक मोडला.

कणकेच्या आधी त्याने माझ्या नातवाला औषध पाजायची सिरिंज नेली होती. हेडाच्या खळग्यांत तिने रॉकेल सोडताना बघून मी किंचाळले. चारी खळग्यांत सारखं मावतं का, म्हणे, मोजतोय! सिरिंज धुऊन परत द्यायलाही आला होता.

पण मी कुणाला हसू? लग्नानंतर ह्यांच्या स्कूटरवर मी डोळे मिटून बसायची आणि प्रत्येक वळणाला उलट्या बाजूला झुकायची. तोल मीच सांभाळते अशी माझी खात्री. नवऱ्याला दोनदा भाताच्या शेतात पाडलं, आणि वर "नीट चालवत जा" म्हणून सुनावलंही.

तर नितेश चवथीला येणार होता. बायको गेल्यापासून दत्ताराम घरात एकटा. बापलेकांचं जमतं फक्त इंजिनावर. लग्नाचं काढलं की नितेश फोन ठेवतो, परत कधी येतोस विचारलं की भांडण. गेल्या खेपेला "बाबा, ह्या गाडीत दम नाय" म्हणून तो दोस्तांकडे हरमलच्या किनाऱ्यावर गेला तो गेलाच.

"ह्या खेपेक घरात रवाक व्हयो, वयनी," दत्ताराम हेड पुसत म्हणाला होता. "दुसरा काय मागणंय नाय."

इंजिन सुरू झालं तेव्हा माडावरचे कावळे उडाले. मला शेजारी बसवून त्याने मोप्याचा चढाव असा घेतला की मी सगळ्या देवांना नावानिशी हाका मारल्या. दत्ताराम मात्र लहान पोरासारखा हसत होता.

नितेश यायचा त्या सकाळी मी कुंपणापाशी फुलं काढत होते. दत्ताराम बॉनेटात वाकला होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर. गाडी खोकली, थरथरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"मेल्या, काय केलंस हे?"

"कार्बोरेटर बिघडवलंय."

"मुद्दाम? अरे, एवढी सोन्यासारखी चालत होती!"

"चालता म्हणानच तर." त्याने वर बघितलं नाही. "चालली तर चावी घेवन तो हरमलाक जायत. आता दुरुस्त करूक बसतलो माझ्याबरोबर, दोन-तीन दिस तरी."

मी काढलेली निम्मी फुलं कुंपणावरून त्याला दिली.

विमानतळावर टॅक्सीने जायच्या आधी त्याने घरातून दोन स्टुलं आणली आणि गाडीशेजारी जवळजवळ मांडून ठेवली.